हायरम जॉन्सन 1910 मध्ये नेमका कशामुळे निवडून आला?

प्रश्न असा आहे: 1910 साली कॅलिफोर्नियात हायरम जॉन्सन नावाचा वकील लाल मोटारीतून गावोगाव फिरला, घंटा वाजवून माणसं गोळा केली आणि अख्खं राज्य मुठीत ठेवणाऱ्या रेल्वे कंपनीला हरवून गव्हर्नर झाला, असं वाचलं. हे इतकं सरळ होतं का? मतांचं गणित काय होतं? आणि त्यानंतर कंपनीचा राजकारणातला हात खरंच सुटला का?

आधी एक खुलासा, कारण मराठीत वाचताना इथेच घोळ होतो. अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार हाकतो, पण आमदार त्याला निवडत नाहीत, थेट जनता निवडते. कॅलिफोर्नियात ही मुदत चार वर्षांची. त्या काळी प्रत्येक पक्षाचा एक उमेदवार असायचा, आणि ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो जिंकायचा. निम्म्याहून जास्त मतं मिळालीच पाहिजेत अशी अट नव्हती, दुसरी फेरी नव्हती. पुढचं गणित समजायला एवढं पुरे.

आता मूळ मुद्दा. मोटारीचा उपयोग झालाच, पण ती मोटार चार वर्षं आधी, म्हणजे 1906 मध्ये फिरवली असती तर जॉन्सनला तिकीटच मिळालं नसतं. मधल्या काळात तिकीट कोण देतं हे बदललं. 1910 ची निवडणूक समजून घ्यायची तर नोव्हेंबरच्या मतदानापेक्षा ऑगस्टमधल्या उमेदवारी-निवडीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

जुन्या पद्धतीत तिकिटाचा प्रवास तीन पायऱ्यांचा होता. वॉर्डावॉर्डात, गावागावात पक्षाच्या प्राथमिक निवडणुका व्हायच्या. त्यात उमेदवार नव्हे, प्रतिनिधी निवडले जायचे. हे प्रतिनिधी जिल्ह्याच्या अधिवेशनाला जायचे, तिथून राज्याच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरायचे, आणि राज्य अधिवेशनात गव्हर्नरपदाचा उमेदवार. सामान्य मतदाराला पहिल्या पायरीवरच काय ते बोलता यायचं, आणि त्या पायरीवर फारसं कोणी फिरकायचं नाही. जो चार माणसं आणेल त्याचा प्रतिनिधी. वर जाताना प्रत्येक पायरीवर माणसं कमी होत जातात, आणि माणसं जितकी कमी तितकी ती सांभाळायला सोपी. शेवटी राज्याची उमेदवारी काहीशे लोकांच्या हातात येते. त्या सगळ्यांना विकत घ्यायची गरज नसते. मोठ्या शहरांचे दोन-तीन गठ्ठे ताब्यात असले आणि बाकीच्यांशी पदांचा सौदा केला, की काम झालं. तुमचा माणूस न्यायाधीश, आमचा गव्हर्नर, तिसऱ्याचा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालचा दुय्यम.

हे सौदे जमवण्याचं काम सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या कायदा विभागातून चालायचं. विभागप्रमुख विल्यम हेरिन हे कंपनीचे मुख्य वकील, आणि त्यांच्या कचेरीला लोक उघडपणे 'पोलिटिकल ब्यूरो' म्हणायचे. रेल्वेला राजकारणात इतका रस का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. भाड्याचे दर ठरवायला राज्याचं तीन सदस्यांचं निवडून आलेलं रेल्वे कमिशन होतं. कर ठरवणारे अधिकारी निवडून यायचे, न्यायाधीशही निवडून यायचे. संत्री, गहू, फळं पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून किती भाडं घ्यायचं हे ज्यांच्या हातात, ती सगळी माणसं मतपेटीतून येत होती. म्हणून कंपनीने मतपेटीच्या आधीची पायरी धरली. मोठी लाच क्वचितच लागायची, रोजची वापरातली गोष्ट म्हणजे फुकट पास. 1879 च्या राज्यघटनेने पदाधिकाऱ्यांना पास घ्यायला बंदी घातली होती, तरी प्रतिनिधी, संपादक, वकील, स्थानिक पुढारी यांच्या खिशात तो असायचाच. लांबचलांब राज्य, अधिवेशनाला जायला रेल्वेशिवाय साधन नाही. स्वतःच्या पैशाने येणारा आणि पासावर येणारा यांच्यातला फरक अधिवेशनाच्या दारातच दिसायचा.

1906 चं सांताक्रूझचं रिपब्लिकन अधिवेशन हा या पद्धतीचा कळस. जॉर्ज पार्डी हे पदावर असलेले गव्हर्नर, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला त्या वेळी राज्य सांभाळणारे. ते कंपनीच्या पूर्ण कह्यात नव्हते, म्हणून त्यांचं तिकीट कापायचं ठरलं. त्यांच्या जागी जेम्स जिलेट हे खासदार. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रतिनिधी शहराचे पुढारी एब रूफ यांच्या मुठीत होते. त्यांनी तो गठ्ठा जिलेटच्या पारड्यात टाकला आणि पार्डी बाद झाले. यासाठी हेरिनकडून 14 हजार डॉलर मिळाले, असं रूफने नंतर स्वतःच सांगितलं.

त्या अधिवेशनाच्या वेळचा एक फोटो आहे, तो जरूर शोधून पाहा. जेवणानंतर काढलेला, सुटाबुटातल्या पुरुषांचा. मध्यभागी खुर्चीत बसलेला बुटका, मिशीवाला रूफ. मागे जिलेट उभा, आणि त्याचा हात रूफच्या खांद्यावर. त्याच चौकटीत रेल्वेचा लॉस एंजेलिसमधला कारभारी वॉल्टर पार्कर आहे आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हेन्शॉही आहेत. फोटोत कोणी गुन्हा करत नाहीये, जेवून तृप्त झालेली माणसं आहेत. पण उमेदवार, दलाल, कंपनी आणि न्यायालय एका चौकटीत दिसले. 'कॅलिफोर्नियाची लाज' या नावाने तो फोटो राज्यभर गाजला. सुधारणावाद्यांना शंभर भाषणांनी जे पटवून देता आलं नसतं, ते त्या खांद्यावरच्या हाताने पटवलं.

तरी जिलेट निवडून आला. त्याला 1,25,887 मतं, डेमोक्रॅट थिओडोर बेलला 1,17,645, आणि वृत्तपत्रमालक हर्स्टच्या इंडिपेंडन्स लीगचे विल्यम लँगडन यांना 45,008. बेल आणि लँगडन दोघंही रेल्वेविरोधी. मत फुटलं आणि रेल्वेचा माणूस 8 हजारांच्या फरकाने बसला. सार्वत्रिक निवडणुकीत रेल्वेविरोध कितीही असो, तो एका नावामागे उभा राहिला नाही तर उपयोग नाही, हे या आकड्यांनी दाखवून दिलं. आणि रिपब्लिकन तिकीट म्हणजे त्या काळी निम्मी लढाई जिंकल्यासारखं होतं. राज्यात शेवटचा डेमोक्रॅट गव्हर्नर 1899 मध्ये पायउतार झाला होता. म्हणून शहाण्या माणसांनी ठरवलं की रिपब्लिकन पक्ष सोडायचा नाही, त्याचं तिकीट हिसकावायचं.

हे ठरवणारे दोघं पत्रकार होते: फ्रेस्नोचे संपादक चेस्टर रॉवेल आणि लॉस एंजेलिसचे एडवर्ड डिक्सन. 1907 च्या विधिमंडळ अधिवेशनात ते पत्रकारांच्या बाकांवर शेजारी बसून कंपनीची माणसं आमदारांना कसं हाताळतात ते पाहत होते. मे 1907 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका कॅफेत पहिली बैठक झाली, ऑगस्टमध्ये ओकलंडला रीतसर संघटना उभी राहिली. नाव लिंकन-रूझवेल्ट लीग. नावातच चलाखी आहे: आम्ही बंडखोर नाही, खरे रिपब्लिकन आम्हीच. मुख्य मागणी एकच ठेवली, थेट प्रायमरी. म्हणजे मधले प्रतिनिधी काढून टाका, पक्षाच्या नोंदणीकृत मतदाराने मतपत्रिकेवर थेट उमेदवार निवडावा. 1908 मध्ये तशी घटनादुरुस्ती जनतेने मंजूर केली, 1909 मध्ये विधिमंडळाने कायदा केला.

कायदा करणारं विधिमंडळ निम्मं जुन्या टोळीचंच होतं, त्यामुळे कायद्यात खाचा ठेवल्या गेल्या. मतदाराने नोंदणीच्या वेळीच पक्ष सांगायचा आणि प्रायमरीत त्याच पक्षाची मतपत्रिका घ्यायची. रेल्वेविरोधी डेमोक्रॅटला रिपब्लिकन प्रायमरीत येऊन लीगच्या उमेदवाराला मत देता येऊ नये, हा त्यातला हिशेब. उमेदवारानेही आपण त्याच पक्षाचे आहोत असं शपथेवर सांगायचं. पण मुख्य गोष्ट साधली गेली. आता उमेदवारी ठरवणार होते दोन लाखांहून जास्त मतदार, आणि तेवढ्यांना पास वाटणं कोणत्याही कंपनीला शक्य नव्हतं.

मग उमेदवार शोधायचा. लीगला हवा होता फ्रान्सिस हेनी, सॅन फ्रान्सिस्कोच्या भ्रष्टाचार खटल्यांचा सरकारी वकील. पण हेनीचे शत्रू फार झाले होते आणि खटले शेवटी शेवटी शहरातल्या पैसेवाल्यांना डोईजड वाटू लागले होते. 13 नोव्हेंबर 1908 रोजी भर कोर्टात हेनीच्या डोक्यात गोळी घातली गेली. तो वाचला, पण रूफविरुद्धचा खटला अर्धवट राहिला. तो पुढे चालवणाऱ्यांत जॉन्सन होता. डिसेंबरमध्ये रूफ दोषी ठरला, 14 वर्षांची शिक्षा झाली. जॉन्सनला एका महिन्यात जे नाव मिळालं ते वीस वर्षांच्या वकिलीने मिळालं नसतं, आणि हेनीवरचा राग त्याच्या वाट्याला फारसा आला नाही. जॉन्सनचा जन्म सॅक्रामेंटोचा, 1866 चा. वडील ग्रोव्ह जॉन्सन हे रेल्वेच्या बाजूचे जुने राजकारणी आणि बापलेकांचं पटत नव्हतं, हे राज्यभर माहीत होतं. रेल्वेविरोधी उमेदवाराच्या घरातच रेल्वेचा माणूस असणं हा दोष ठरायला हवा होता. उलट त्याने जॉन्सनच्या शब्दाला वजन आलं. गव्हर्नर व्हायला तो मात्र मुळीच उत्सुक नव्हता. रॉवेल आणि मंडळींनी महिनोन्महिने गळ घातल्यावर फेब्रुवारी 1910 मध्ये तो तयार झाला.

आता मोटार. लीगकडे वॉर्डावॉर्डातली पगारी माणसं नव्हती. जुन्या यंत्रणेकडे ती होती, शिवाय सरकारी नोकऱ्या आणि रेल्वेची स्थानकं. अशा वेळी उमेदवाराने स्वतः दिसणं हाच प्रचार. रेल्वेने फिरलं असतं तर दोन अडचणी होत्या. एक तर रेल्वेला शिव्या देत रेल्वेत बसायचं. दुसरं जास्त महत्त्वाचं: वेळापत्रक कंपनीचं. गाडी जिथे थांबते आणि जितका वेळ थांबते, तेवढंच भाषण. मोटारीने कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातली, डोंगरातली, रेल्वे न पोचलेली गावंही दौऱ्यात घेता आली. गाडी लोकोमोबिल कंपनीची, लाल रंगाची, चालवायला मुलगा. गाडीवर गाईच्या गळ्यातली असते तशी मोठी घंटा. बाजाराच्या रस्त्यावर गाडी थांबायची, घंटा वाजायची, दुकानातून, गोठ्यातून, सलूनमधून माणसं बाहेर यायची, आणि जॉन्सन गाडीतच उभा राहून बोलायला लागायचा. मंडप नाही, व्यासपीठ नाही, सभेची परवानगी नाही. एका दिवसात अशी कित्येक गावं होतात. पूर्ण प्रचारात सुमारे 20 हजार मैल झाले असं सांगितलं जातं. रस्ते बहुतेक मातीचे होते. राज्यभर पक्के रस्ते बांधायला 1 कोटी 80 लाख डॉलरचे रोखे काढायचे की नाही, हा प्रश्नच मुळी त्याच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर होता, आणि तो मंजूर झाला.

भाषण सगळीकडे एकच. सदर्न पॅसिफिकला राजकारणातून लाथ मारून हाकलायचं. आयात कर, दारूबंदी, उत्तर-दक्षिण वाद यावर कोणी डिवचलं तरी तो फिरून तिथेच यायचा. ज्यांनी प्रचार आखले आहेत त्यांना यातली अवघड गोष्ट कळेल. दुसऱ्या मुद्द्यावर बोलायचा मोह प्रत्येक गावात होतो, कारण प्रत्येक गावाचा प्रश्न वेगळा असतो. दारूबंदीवर बोललात तर दक्षिणेतली प्रोटेस्टंट गावं खूश आणि सॅन फ्रान्सिस्को नाराज, गप्प राहिलात तर उलट. रेल्वे हा एकच विषय असा होता की द्राक्षबागवाला, संत्रीवाला, बंदरावरचा हमाल आणि शहरातला दुकानदार चौघंही एका वाक्यावर मान डोलावत.

दुसऱ्या बाजूला जुन्या यंत्रणेने नव्या कायद्यात स्वतःचा घात करून घेतला. अधिवेशनाच्या काळात चार दावेदार असले तरी शेवटच्या रात्री खोलीत बसून तिघांना माघार घ्यायला लावता यायची. थेट प्रायमरीत ती रात्रच नाही. परराष्ट्र खात्याशी गल्लत करू नका, अमेरिकेतल्या राज्याचा सचिव, म्हणजे तिथला 'सेक्रेटरी ऑफ स्टेट', निवडणुका आणि कागदपत्रं सांभाळतो. ते पद असलेले चार्ल्स करी उभे राहिले, त्यांची सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची ताकद होती. ऑल्डन अँडरसन हे माजी लेफ्टनंट गव्हर्नर, टोळीचे अधिकृत पसंतीचे. फिलिप स्टँटन हे विधानसभेचे सभापती, लॉस एंजेलिसचे, आणि ज्यांच्या नावाने हा प्रायमरीचा कायदा ओळखला जातो त्या दोघांपैकी एक. शिवाय नॅथॅनिएल एलरी. कोणी कोणासाठी बसलं नाही.

16 ऑगस्टला मतदान झालं. जॉन्सनला 1 लाखाच्या थोडी वर मतं, करींना 55 हजारांच्या आसपास, अँडरसन 38 हजारांच्या घरात, बाकीचे त्याखाली. जॉन्सनला एकूण मतांपैकी जवळपास निम्मी मिळाली, निम्म्याहून जास्त नाहीत. सगळे विरोधक एका माणसामागे उभे राहिले असते तर सामना अटीतटीचा झाला असता. करींची सगळी मतं अँडरसनला गेलीच असती असं मात्र धरून चालू नका. करींच्या मतदारांत यंत्रणेला कंटाळलेलेही होते. मतांची बेरीज कागदावर होते, पेटीत होत नाही. तरीही यंत्रणेची फूट हे जॉन्सनच्या विजयाचं मोटारीइतकंच मोठं कारण आहे, आणि गोष्टी सांगताना नेमकं तेच गाळलं जातं.

नोव्हेंबरची लढत प्रत्यक्षात अनेकांना वाटते त्यापेक्षा कठीण गेली. समोर पुन्हा थिओडोर बेल होता, आणि तो जॉन्सनइतकाच रेल्वेविरोधी. चार वर्षं आधीपासून तो हेच बोलत होता. आता दोन्ही पक्षांचे उमेदवार एकाच शत्रूविरुद्ध बोलत असताना मतदाराने निवड कशावर करायची? बेलने उलटा डाव टाकला: हेरिनची माणसं आतून जॉन्सनलाच मदत करत आहेत, असा आरोप. त्यातच 1 ऑक्टोबरला लॉस एंजेलिस टाइम्सच्या इमारतीत स्फोट होऊन 21 माणसं मेली आणि कामगार विरुद्ध मालक हा वाद अचानक सगळ्यांत वर आला. त्या वर्तमानपत्राचे मालक जनरल ओटिस हे जॉन्सनचे कट्टर विरोधक, आणि जॉन्सनने भर सभेत त्यांची केलेली निर्भर्त्सना दक्षिण कॅलिफोर्नियात अजून सांगितली जाते.

8 नोव्हेंबरचा निकाल: जॉन्सन 1,77,191, बेल 1,54,835, समाजवादी जे. स्टिट विल्सन 47,819, दारूबंदी पक्षाचे सिमियन मीड्स 5,807. फरक 22,356 चा, टक्केवारी जॉन्सनची 46 च्या जरा खाली. हे आकडे सुटे वाचू नका, दोन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षीय निवडणुकीशेजारी ठेवा. 1908 मध्ये कॅलिफोर्नियात रिपब्लिकन टॅफ्टला 2,14,398 मतं होती, डेमोक्रॅट ब्रायनला 1,27,492, समाजवादी डेब्जला 28,659. म्हणजे जॉन्सनला आपल्याच पक्षाच्या उमेदवारापेक्षा 37 हजार मतं कमी पडली, बेलला ब्रायनपेक्षा 27 हजार जास्त आणि समाजवाद्यांना 19 हजार जास्त. अध्यक्षीय वर्षात मतदान थोडं जास्त होतं हे धरलं तरी दिशा स्पष्ट आहे. जुने, सुखवस्तू रिपब्लिकन जॉन्सनपासून सरकले, आणि स्फोटानंतरही कामगारांचं मत मोठ्या प्रमाणात समाजवाद्यांकडे गेलं. लोकांची लाट आली आणि जॉन्सन तिच्यावर स्वार झाला असं जे लिहिलं जातं ते प्रायमरीबाबत बऱ्याच अंशी खरं आहे. नोव्हेंबरमध्ये त्याला पक्षाच्या तिकिटाने तारलं. 1906 आणि 1910 या दोन्ही निवडणुकांत बेल हरला आणि दोन्ही वेळा त्याची भूमिका तीच होती, यावर जरा थांबून विचार करा.

नव्या कायद्याची एक खाच इथे दाखवायला हवी, कारण कायद्यातला एक शब्द निकाल कसा फिरवू शकतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. तेव्हा अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य राज्याचं विधिमंडळ निवडायचं. 1909 च्या कायद्यात प्रायमरीच्या वेळी जनतेचा कल विचारायची सोय केली, पण सुधारणावाद्यांना हवी होती तशी नाही. आमदाराने राज्यभरात पहिला आलेल्याला मत द्यावं असं त्यांचं म्हणणं. कायद्यात शिरलं ते असं: आमदाराने आपल्या मतदारसंघाचा कल पाहावा, आणि तोही सल्ला म्हणून. 1910 मध्ये सुधारणावाद्यांचे जॉन वर्क्स राज्यभरात थोडक्या मतांनी पहिले आले. पण क्रीडासाहित्याचे कारखानदार आणि बेसबॉलचे जुने नामांकित खेळाडू अल्बर्ट स्पॉल्डिंग 120 पैकी 75 मतदारसंघांत पुढे होते, वर्क्स 37 मध्ये. कायद्याच्या अक्षराप्रमाणे कौल स्पॉल्डिंगचा होता. जानेवारी 1911 मध्ये सुधारणावादी बहुमताने वर्क्सना निवडलं. आमदार कायद्याने बांधलेले नव्हते, त्यामुळे हे बेकायदा नव्हतं. पण 'जनतेचा कौल माना' म्हणत आलेल्या लोकांना पहिल्याच महिन्यात कोणता कौल मानायचा हे निवडावं लागलं, आणि त्यांनी आपल्या सोयीचा निवडला. स्पॉल्डिंगच्या माणसांचा राग रास्त होता असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. 1910 च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या 23,77,549 होती, आणि गव्हर्नरपदासाठी पडलेली मतं 3,85,652. म्हणजे शंभरात सोळा माणसं. बायकांना मत नव्हतं. आशियातून आलेल्यांना नागरिकत्वच मिळू दिलं जात नव्हतं, आणि त्यांना राज्यात येऊ देऊ नये यावर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांच्यात मतभेद नव्हता. जॉन्सननेच मे 1913 मध्ये परकीयांच्या जमिनीविषयीच्या कायद्यावर सही केली: नागरिक होण्यास अपात्र असलेल्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. भगतसिंग थिंद खटल्यात 1923 साली भारतीय लोक अमेरिकी नागरिकत्वाला अपात्र ठरल्यावर तोच कायदा पंजाबी शेतकऱ्यांच्याही मानेवर बसला. त्याच 1913 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून भारतीय क्रांतिकारकांचं 'गदर' हे वृत्तपत्र निघू लागलं. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. जॉन्सनला लोकशाहीचा कैवारी म्हणून वाचताना मराठी वाचकाने हे पान उलटून पुढे जाऊ नये.

शेवटचा प्रश्न, कंपनीचा हात सुटला का. 3 जानेवारी 1911 ला जॉन्सनने शपथ घेतली आणि पहिलं वर्ष झपाट्याचं गेलं. रेल्वे कमिशनला दर ठरवायचा खरा अधिकार मिळाला. 10 ऑक्टोबर 1911 च्या खास मतदानात 23 घटनादुरुस्त्या जनतेपुढे ठेवल्या, 22 मंजूर झाल्या. जनतेने स्वतः कायदा मांडायचा अधिकार, विधिमंडळाचा कायदा मतदानाने रोखायचा अधिकार, आणि निवडून दिलेल्याला, अगदी न्यायाधीशालाही, मुदतीआधी परत बोलावायचा अधिकार. बायकांना मताचा अधिकार त्याच दिवशी मिळाला, फक्त 3,587 मतांच्या फरकाने. सॅन फ्रान्सिस्कोने तो फेटाळला होता, गावाकडची मोजणी उशिरा आली आणि तिने निकाल फिरवला. सदर्न पॅसिफिकची कचेरी गव्हर्नर ठरवते हे दिवस मात्र संपले ते संपलेच.

पण पैसा दुसऱ्या वाटेने आला, आणि ती वाट सुधारणावाद्यांनीच मोकळी केली होती. 1909 च्या कायद्याने पक्षाची भिंत फार उंच केली असं त्यांना वाटत होतं. 1912 मध्ये जॉन्सन थिओडोर रूझवेल्टबरोबर प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उपाध्यक्षपदाला उभा राहिला, तेव्हा तर त्या भिंतीचा त्यांना स्वतःलाच जाच झाला. म्हणून 1913 मध्ये त्यांनी उमेदवाराला एकाच वेळी एकापेक्षा जास्त पक्षांच्या प्रायमरीत उभं राहायची मुभा दिली. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापला जात नव्हता. डेमोक्रॅट मतदाराला आपल्या मतपत्रिकेवर एक ओळखीचं नाव दिसायचं, तो शिक्का मारायचा, आणि तो माणूस रिपब्लिकन असायचा. पदावर असलेल्याचं नाव ओळखीचं, म्हणून फायदा त्याचाच. पक्ष पोकळ झाले. प्रचाराचा पैसा पुरवणाऱ्याचा भाव वाढला, आणि त्या पोकळीत दारू उत्पादकांचा दलाल आर्टी सॅमिश 1930 आणि 40 च्या दशकांत विधिमंडळात हेरिनच्या तोडीचं वजन राखून बसला. 1946 मध्ये अर्ल वॉरनने गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोन्ही प्रायमरी जिंकल्या, त्यामुळे नोव्हेंबरचं मतदान नावापुरतं उरलं. 1952 मध्ये जनतेने मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापायला लावलं, आणि 1959 मध्ये ही दुहेरी उमेदवारी बंद झाली.